दादांच्या पत्रातून गाळलेलं वाक्य

शहरात यावं की येऊ नये, हे विचारायला माणसं आमच्या घरी येत, जशी डॉक्टरकडे जातात. फरक इतकाच की आमच्याकडे फी नव्हती आणि वर चहा मिळायचा. भोसरीतून दिघीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत पत्र्याच्या छपराच्या नऊ खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या शेवटच्या दोन खोल्या आमच्या. मागच्या भिंतीला लागून एक शेड होती. तिथला रबराचे वॉशर पाडणारा प्रेस सकाळी सुरू झाला की आमच्या फळीवरची ताटं बारीक थरथरत राहायची. दिघीच्या बाजूला लष्कराची हद्द असल्यामुळे कधीकधी तिकडून सरावाच्या गोळीबाराचे दणके यायचे. गावाकडून नवा आलेला पाहुणा दचकून उभा राहिला, की आई तव्यावरची भाकरी न सोडता म्हणायची, "बसा बसा, रोजचंच हाय ते." मला वाटतं, शहराबद्दलचा आमच्या घरचा पहिला सल्ला हाच असायचा.

माझ्या वडिलांना सगळी चाळ दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायचे. ते एका कंपनीत टर्नर होते, लेथवर लोखंडाचे भाग कातायचे. आमच्या बाजूच्या कारखान्यांना तेव्हा रविवारची नाही, गुरुवारची सुट्टी असायची. त्यामुळे आमच्या घरातला आठवडाच वेगळा चालायचा. माझ्या शाळेला रविवारी सुट्टी, दादांना गुरुवारी. बापलेकीची पूर्ण दिवसाची गाठ फक्त दिवाळीत पडायची. गुरुवारी सकाळी दादा दाढी करून, धुवट पायजमा घालून ओट्यावरच्या खाटेवर बसले, की कुणी ना कुणी येऊन टेकायचंच. कुणाचा भाचा दहावी झालेला असायचा, कुणाच्या मेहुण्याला ठेकेदाराने बोलावलेलं असायचं. जे येऊ शकत नसत त्यांची पत्रं येत. लातूरच्या पलीकडच्या आमच्या चार-पाच खेड्यांत दादांचा पत्ता लोकांना पाठ होता.

दादा चौथी शिकलेले. त्यांना वाचता चांगलं यायचं, पण लिहायला बसले की लेथवर जॉब घासल्यासारखं एकेक अक्षर घासत बसत. मी पाचवीत गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आले की निळं अंतर्देशीय पत्र पाटावर ठेवून बसायचे. दादा डोळे मिटून सांगायचे आणि मी लिहायचे. सुरुवात ठरलेली, 'सप्रेम जयभीम.' मग घरच्यांची खुशाली. मग सल्ला. तो मला इतका पाठ झाला होता की दादांनी अर्धं वाक्य उच्चारेपर्यंत माझं पूर्ण लिहून व्हायचं.

येताना ताट, तांब्या आणि वाकळ आपली आण, कारण शहरात उसनं मागितलं की माणूस तोंडाकडे बघतो. खोली कंपनीपासून चालत जाता येईल अशी बघ. लांबची स्वस्त खोली बसच्या रांगेत महाग पडते. खोली घेताना जात लपवू नकोस. भाडं महिन्याला एकदा द्यावं लागतं, भीती रोज द्यावी लागते. कुणाच्याही घरी पंधरा दिवसांच्या वर राहू नकोस, माझ्याही. कंपनीत लागलास म्हणून लगेच गावभर पेढे वाटू नकोस. पहिले सहा महिने टेंपररी असतात, सहा महिने भरत आले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात, पुन्हा बोलावतील तेव्हा खरं. रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आण, नाहीतर इथे साखर आणि रॉकेल मिळणार नाही. आणि शेवटी एक वाक्य दादा जरा विनोदाने घालायचे, की शहर महाग असतं ते भाड्यामुळे नव्हे, इथे कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत घ्यावी लागते म्हणून.

आता माझी सत्तरी जवळ आली आहे. माझ्या मागून उशिरा झालेल्या भावाच्या मुलाचे मित्र हिंजवडीत नोकरीला लागतात आणि भाड्याचा फ्लॅट बघताना मला फोन करतात, 'आत्या, वाकड बरं की रावेत?' मी वेगळं काही सांगत नाही. दादांचंच सांगते, फक्त बसच्या जागी ट्रॅफिक म्हणते. मुलं हो हो म्हणतात आणि त्यांना करायचं तेच करतात. तेव्हाही तसंच होतं. पण एकदा माणसांनी दादांच्या पत्राबरहुकूम केलं, अगदी शब्दाला शब्द, आणि ती गोष्ट मला सांगायची आहे, कारण ते पत्र दादांचं नव्हतं.

शेवंतामावशी ही आईची पाठची बहीण. तिच्या नवऱ्याला आम्ही किसनकाका म्हणायचो. त्यांची सुशी माझ्याच वयाची, दोन महिन्यांनी लहान. खाली एक मुलगा, तेव्हा नुकता चालायला लागलेला. सुट्टीत गावी गेले की मी त्यांच्याकडेच असायचे. मावशी येसराची आमटी करायची. भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्याचं ते पीठ फोडणीच्या पाण्यात पडलं की जो वास उठायचा, तो आमच्या भोसरीच्या खोलीत कधी आला नाही. आई तेच पीठ घेऊन तेच करायची, तरी नाही. आई भोसरीत आल्यापासून कमी बोलायला लागली होती. चाळीतल्या बायका वाईट नव्हत्या, पण कुणी कोकणातली, कुणी खानदेशातली, आणि आईला कुणापाशी मन मोकळं करायची सवयच नव्हती. शाळेत माझीही गत फार निराळी नव्हती. माझ्या बोलण्याला मुली हसायच्या. मी घरी एक आणि शाळेत एक असं बोलायला शिकले, पण मैत्रीण मिळाली नाही.

किसनकाकांचं पत्र आलं ते त्यांच्या गावच्या गुरुजींनी लिहिलेलं होतं, कारण काकांना अक्षर येत नव्हतं. काम मिळेल का, मिळालं तर यावं म्हणतो, आपला विचार कळवावा. दादांनी त्यांच्या सुपरवायझरकडे शब्द टाकला आणि शेजारच्या कंपनीत हेल्परची टेंपररी जागा निघाली. त्या गुरुवारी दादा मोठ्या खुशीत खाटेवर आडवे झाले आणि सांगायला लागले. काम आहे, खोली बघून ठेवतो, ताट-तांब्या आण, सगळं नेहमीचं. मग म्हणाले, "आता नीट लिही. किसनराव, तुम्ही एकटे या. बायकामुलांना वर्षभर आणू नका, कार्डावरची त्यांची नावं कमी करू नका आणि घर मोडू नका."

आई स्टोव्हपाशी पीठ मळत होती. तिचे हात थांबले. एवढंच. तिने वर बघितलं नाही आणि पुन्हा मळायला लागली. मी पेन टेकवलं होतं ते तसंच राहिलं. ते वाक्य मी लिहिलं नाही. त्याच्या जागी मी लिहिलं, 'सुशीसाठी इथे शाळा जवळ आहे. तिला माझ्या वर्गात घेतील.' मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ओळींमधलं अंतरसुद्धा मी नीट सांभाळलं.

सही करण्याआधी दादा पत्र माझ्याकडून वाचून घेत. "वाच," ते म्हणाले, आणि मी वाचलं. कागदावर नसलेलं वाक्य मी त्याच्या जागेवर, त्याच आवाजात, न अडखळता वाचून दाखवलं आणि सुशीच्या शाळेचं गिळून टाकलं. पुढे तीस वर्षं मी मुलांना वाचन शिकवलं, पण इतकं सफाईदार वाचन माझ्याकडून पुन्हा झालं नाही. दादांनी सही केली. मी जिभेने डिंक ओला करून पत्र चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पेटीत टाकलं. मला भीती नाही, आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी संध्याकाळी, मी शाळेतून आल्यावर, ओट्यापुढे टांगा थांबला. आधी एक पत्र्याची पेटी उतरली, मग जातं, मग पोतं, मग मावशी कडेवर पोर घेऊन, मग सुशी, आणि शेवटी किसनकाका. आई धावतच बाहेर गेली आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दादा खाटेवरून उठले. त्यांची नजर जात्यावर होती. पाहुणा म्हणून आलेलं माणूस जातं घेऊन येत नाही.

"घर?" दादांनी विचारलं.

"छपराचे पत्रे इकले," किसनकाका हसत म्हणाले. "शेळ्या इकल्या. नावं कमी करून दाखला आणलाय समद्यांचा. पोरीच्या शाळंचा बी आणलाय. तुमच्या कागदापरमानं समदं केलं बगा."

दादांचा चेहरा उतरला. चहा झाल्यावर ते म्हणालेच, "किसनराव, मी स्पष्ट लिहिलं होतं. ऐकायचं नसतं तर विचारता कशाला?" काका गोंधळले. त्यांना वाटलं, गुरुजींनी काहीतरी वाचायचं सोडलं असणार. पत्र ते गावी गुरुजींकडेच ठेवून आले होते, हे मला त्याच वेळी कळलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुशीने माझा हात धरला होता.

आमच्या ओळीतली तिसरी खोली त्यांना मिळाली. ते सहा महिने माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे गेले, हे मी लपवत नाही. मावशीने चूल मांडली आणि पहिल्याच दिवशी येसराचा वास नऊही खोल्यांत गेला. कोकणातल्या बाई वाटी घेऊन विचारायला आल्या, "हे गो काय?" आई हसायला लागली. इतकी की दादा एकदा म्हणाले, "बाईला कुठं ठेवलं होतं इतके दिवस?" सुशी खरंच माझ्या वर्गात आली. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. वर्गातल्या मुली आम्हा दोघींना हसेनाशा झाल्या, कारण एकटीला हसणं सोपं असतं. सुशी तर उलट त्यांनाच हसायची. बाईंनी एकदा तिची वही सगळ्या वर्गाला दाखवली. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत वही दप्तरात न ठेवता हातातच धरून हसत चालत होती.

पण दादांच्या मनातली अढी गेली नव्हती. काकांशी बोलताना ते सरळ बोलत नसत. कुणी नवा माणूस सल्ला विचारायला आला की काकांच्या देखत म्हणायचे, "सांगतो, पण आधी सांगा, ऐकणार का?" काका मान खाली घालायचे. आणि अडचणी दादांनी सांगितल्या तशाच एकेक करून येत गेल्या. नव्या रेशनकार्डासाठी भाड्याची पावती लागायची आणि घरमालकीण पावती द्यायची नाही. ती भोसरी गावातली जुनी बाई होती, मनाने चांगली, पण एवढ्या बाबतीत पक्की. "पावती न्हाई देत मी कुनालाच. खोलीत ऱ्हा, पानी घ्या, भाजी न्या वावरातली, पर पावती मागू नगा." पावती दिली की भाडेकरू हक्क सांगतो, असं तिला कुणीतरी भरवलं होतं. त्यामुळे मावशीच्या घराचं कार्ड गावातही नव्हतं आणि इथेही नव्हतं. आमचं कार्ड आधीच्या खोलीच्या पावतीवर निघालेलं होतं, म्हणून साखर, रॉकेल, गहू त्यावरचंच दोन घरांत वाटलं जायचं. सुशी साखर-रॉकेल न्यायला डबा घेऊन यायची, तेव्हा दादा घरात असले तर ती कोपऱ्यावर थांबायची. मला ते दिसायचं.

सहा महिने भरायला आठ दिवस असताना काकांना ब्रेक मिळाला. पुन्हा कधी बोलावतील ते कुणी सांगेना. काका रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन वेगवेगळ्या गेटांवर जाऊन उभे राहायचे आणि दुपारी तोच डबा परत आणून घरी खायचे. मावशी बांधकामावर जायला लागली. गावी परत जावं तर घराला पत्रे नव्हते. दीड महिना असा गेल्यावर एका गुरुवारी मी तापामुळे शाळेत गेले नव्हते, तेव्हा काका ओट्यावर येऊन बसले आणि दादांना म्हणाले, "मागच्या शेडवाल्याला इचारलंय. रबराच्या वायसरच्या कडा कातरायचं काम हाय. सुशीला घेतो म्हनला. सोमवारपासून पाठवतो."

"शाळा?" दादा म्हणाले.

"शाळंचं आता काय. झाली तेवढी झाली." मग काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चूक माजीच हाय दादा. तुमी लिवलं व्हतं. गुरुजीनं नीट वाचलं नसंल, न्हाईतर माज्याच कानात शिरलं नसंल. पोरीला भोगावं लागतंय."

मी दारात गोधडी पांघरून बसले होते. त्या क्षणापर्यंत मी कबूल करायचं असं ठरवलं नव्हतं. गप्प राहिले असते तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. पण काका इतक्या समजुतीने स्वतःच्या माथी दोष घेत होते, ते मला बघवेना. मी म्हणाले, "दादा, ते वाक्य मी लिहिलंच नव्हतं."

दादांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. कोणतं वाक्य, आणि त्याच्या जागी काय लिहिलं, तेही सांगितलं. आई आतून बाहेर येऊन उभी राहिली.

"मग मला वाचून काय दाखवलंस?" दादांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलेलं."

मला वाटलं, आता मार बसणार. तो बसला असता तर बरं झालं असतं. दादा उठले, काकांसमोर जाऊन उभे राहिले आणि वयाने, मानाने लहान असलेल्या आपल्या साडूला त्यांनी हात जोडले. "किसनराव, सही माझी आहे. पत्र हाताशी होतं, डोळ्यांनी वाचायला मला काय झालं होतं? वर सात महिने तुम्हालाच टोचत राहिलो. मला माफ करा." दादांनी कुणापुढे असे हात जोडलेले मी कधी बघितले नव्हते. काका घाईघाईने उठून त्यांचे हात खाली करायला लागले. "काय करालाव दादा, लेकरू हाय. मावशीचं येड हाय त्येला." आई माझ्याकडे बघत होती. तिला रागवायचं होतं, पण तिच्याने होईना, कारण मी ते वाक्य कुणासाठी गाळलं, हे तिला समजलं होतं.

सुशीचं शिक्षण मी करतो, असं दादांनी काकांना परोपरीने सांगितलं. काका ऐकेनात. "तुमच्या कार्डाची साखर खातोय, तेवढं लई झालं," एवढंच म्हणत राहिले. गरीब माणसाकडे नाही म्हणायला फार थोड्या गोष्टी असतात, आणि ती एक त्यांनी सोडली नाही. तीन वर्षांनी त्यांना दुसऱ्या कंपनीत कायमची ऑर्डर मिळाली, धाकटा मुलगा पुढे आयटीआय झाला, त्यांचं घर उभं राहिलं. सुशी मात्र लग्नापर्यंत त्या शेडमध्येच होती. दादांनी पत्रं लिहायचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. फक्त सही करण्याआधी ते चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, स्वतः सगळं वाचायला लागले. एका पत्राला अर्धा तास लागायचा आणि मी समोर बसून राहायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच गुरुवारच्या संध्याकाळचं. सुशी शाळेतून आली तेव्हा घरात तिला सगळं एकदमच कळलं, शाळा सुटणार हेही आणि मी काय केलं हेही. चाळीच्या टोकाला नळ होता. ती पाणी भरायला गेली, तशी मी अंगात ताप असतानाच तिच्यामागून गेले. माझी माफीची वाक्यं तयार होती. ती मला सुरूच करता आली नाहीत, कारण हंडा नळाखाली लावून तिनेच विचारलं, "तू खरंच असं लिवलंस? माज्या शाळंचं?"

"हो."

"मंजी आमी यावं असं तुला वाटत व्हतं?"

"हो. पण सुशे, माझ्यामुळे तुझी..."

"थांब," ती म्हणाली. हंडा भरत होता, त्याच्याकडे बघत ती बोलत होती. "मला वाटायचं, आमी हितं कुनालाच नको हाव. तुज्या दादाच्या तोंडाकडं बगितलं की वाटायचं, आमी न बोलावता आलोत. आई डबा घिऊन पाठवायची तवा तर लई वाटायचं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू बोलावलं व्हतंस व्हय?"

मी मान हलवली. मला रडू आवरत नव्हतं आणि ती हसत होती, अगदी मनापासून, वही दाखवली त्या दिवशी हसली होती त्याहून जास्त. मी तिची शाळा घेतली होती आणि ती माझ्यावर खूश झाली होती.